मागचं उजवं दार

जुन्या गाडीची तब्येत बघायची असेल तर मी बॉनेट उघडत नाही. जमिनीवर गोणपाट टाकतो, उताणा झोपतो आणि सरकत सरकत गाडीखाली जातो. हातात टॉर्च आणि एक बोथट पेचकस. पत्र्यावर पेचकसाच्या मुठीने टकटक करत जायचं. चांगला पत्रा टण् वाजतो. गंजलेला वाजत नाही, पुठ्ठ्यासारखा आवाज येतो. कधी कधी मूठ आत जाते आणि तोंडावर लाल भुकटी पडते. सव्वीस वर्षं ही भुकटी खातो आहे. आता मान दुखते. गाडीखालून बाहेर आल्यावर लगेच उभं राहता येत नाही, टायरला टेकून थोडं बसावं लागतं.

अंधेरी पश्चिमेला एका गल्लीत माझं आणि रफिकचं भागीदारीतलं गॅरेज आहे. रफिक रंगकाम करतो, मी पत्र्याचं. म्हणजे ठोकणं, कापणं आणि वेल्डिंग. मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. वडील होड्यांचे सुतार. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मीही नववीत शाळा सोडली. चाळिशी उलटल्यावर आधी दहावी, मग बारावी बाहेरून दिली आणि आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारच्या वर्गात सगळे मला काका म्हणतात. आमच्या मॅडमनी वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मी दोन आठवडे टाळलं. लिहिण्यासारखं माझ्याकडे एकच आहे, आणि ते फारसं अभिमानाचं नाही.

आधी कामाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पूर्वी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी ज्या बनावटीच्या होत्या, तशा खासगी गाड्या अजून काही लोकांनी जपून ठेवल्या आहेत. या गाड्यांना ट्रकसारखी खाली वेगळी चौकट नसते. पत्राच पत्र्याला जोडून सगळा सांगाडा केलेला असतो. त्यात सर्वांत जास्त भार घेते ती दाराखालची पेटी. आपण गाडीत चढताना ज्या उंबऱ्यावरून पाय आत टाकतो, तो उंबरा म्हणजे या पेटीचं वरचं अंग. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंना अशी एकेक पोकळ पेटी असते. ती शाबूत असेल तर गाडी ताठ राहते. ती कुजली की गाडी मधोमध खचायला लागते, आणि खचली की दारांच्या वरच्या फटी मिटत जातात. दार घासायला लागलं की लोक म्हणतात बिजागर गेलं. बिजागर नसतं गेलेलं, कणा गेलेला असतो.

पेटी बाहेरून कुजत नाही. पाणी आत शिरतं, आतून खातं, आणि बाहेर रंगाचा एक फुगा दिसेपर्यंत काही उरलेलं नसतं. ती बदलायची म्हणजे सगळी कापून काढायची, नवा पत्रा वाकवून तसाच आकार करायचा आणि पुन्हा वेल्ड करायचा. बाजारात हा भाग तयार मिळत नाही. मी अठरा गेजच्या, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीच्या, पत्र्यातून हाताने करतो.

हे काम सांगितलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. मुलुंडचे एक गृहस्थ मला म्हणाले होते, "अहो, खालचं कोण बघतोय? वरून झकास करून द्या ना." मी म्हटलं, "साहेब, खड्डा बघतो." ते गाडी घेऊन गेले ते परत आले नाहीत. दुसरे एक बोरिवलीचे आजोबा होते. त्यांची गाडी नऊ वर्षं सोसायटीच्या आवारात उभी होती. दर रविवारी खाली उतरून तासभर तिच्यात पेपर वाचत बसायचे. पेटी पूर्ण गेलेली. मी सांगितलं, आजोबा, चालवायची नसेल तर खर्च करू नका. ते म्हणाले, "चालवायची नाही रे. पण मी बसलो असताना मोडू नये." मी ती पेटी केली. तसं स्वच्छ काम मला पुन्हा जमलं नाही. घाई नव्हती, म्हणून जमलं.

आता हिरामावशीबद्दल.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, खारदांड्याची हिरामावशी टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागे दोरीने ओढत, गाडी घेऊन आली. मावशी तेव्हा बहात्तर वर्षांची. नऊवारी, पायात रबरी चप्पल, डोळ्यांवर जाड चष्मा. मासळीचा धंदा. नवरा गेल्यावर तिने स्वतः गाडी चालवायला शिकून घेतली होती, आणि तीस वर्षं ती पहाटे धक्क्यावर जाऊन टोपल्या भरून बाजारात आणत होती. मागची सीट काढून तिथे फळी टाकलेली. ती आमच्या कोळी बोलीत बोलते. मी इथे जरा सोपं करून लिहितो.

"पंक्चर झाली रं," ती म्हणाली. "पोरानं जॅक लावला. जॅक वर आला, गाडी नाय आली."

मी वाकून बघितलं. जॅक उजव्या पेटीतून सरळ आत गेला होता. भोकात माझा हात मनगटापर्यंत जात होता.

"मावशी, ही संपली."

"ते माझी पोरं पण सांगतात. तू काय वेगळं सांगशील ते सांग."

तिच्या दोन मुलांनी छोटा टेम्पो घेतला होता. आई आता घरी बसेल, गाडी भंगारात जाईल असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यात गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. इतक्या जुन्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते आणि तेव्हा गाडी आरटीओत दाखवावी लागते. मावशीला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली होती.

"पास झाली तर माझी. नायतर भंगारवाल्याची," ती म्हणाली. "आणि गाडी गेली की मी पण घरात. पोरं मला टेम्पोत घेनार नाय. म्हनतात, आई, तू भाव पाडतेस."

"पाडतेस का?"

"मी भाव करते रं. त्यांना बोलता येत नाय गिऱ्हाइकाशी, मोबाइल बघत बसतात."

रफिक रंगाचा डबा ढवळत ऐकत होता. तो हसून म्हणाला, "मावशी, तुम्हारी गाडी से मछली का बास आता है."

"मग काय मोगऱ्याचा येनार? तुझ्या गॅरेजला थिनरचा येतो, मी बोलली काय?"

गाडी ठेवून घेतली.

रबरी मॅट उचलली तेव्हा कारण कळलं. टोपल्यांतला बर्फ वितळून तीस वर्षं खारं पाणी फळीखालून झिरपत पेटीत जात होतं. ग्राइंडरने उजवी पेटी कापली तर आतून लाल गंज आणि त्यात मिसळलेले माशांचे खवले निघाले, दोन मुठी तरी असतील. काही अजून चमकत होते. समुद्राचं पाणी होडीच्या लाकडाला तितकं खात नाही जितकं पत्र्याला खातं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण गाडीच्या पोटातून खवले निघालेले मी पहिल्यांदा बघितले.

कापण्याच्या आधी एक गोष्ट करायची असते. पेटी काढली की गाडीचा आधार जातो, मग ती आणखी खचू नये म्हणून दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप वेल्ड करून ठेवायचे. काम झालं की पाइप कापून टाकायचे. पाइप लावला की चौकट आहे तशी धरून राहते. हे मी उस्तादाकडून शिकलो आणि सव्वीस वर्षं करतो आहे.

मी पाइप लावत होतो तेव्हा माझे वडील गॅरेजवर आले होते. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे. डोळे अधू झाले आहेत, पण कधी कधी रिक्षाने येतात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, चहा घेतात आणि जातात. फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी बराच वेळ गाडीकडे बघून म्हणाले, "तिला बसू दिलीस का आधी?"

"कोणाला?"

"गाडीला. आपण फळी काढायच्या आधी होडीला टेकू देऊन ठेवायचो ना. आठ-दहा दिवस. टोकापासून टोकापर्यंत सूत लावायचं, पोट खाली आलं असेल तर रोज पाचरीवर एक टोला मारायचा. सुतात आली की मग फळी काढायची. नायतर नवी फळी वाकड्या होडीला बसते आणि होडी कायमची वाकडी."

मी म्हटलं, "बाबा, ही होडी नाहीये."

हे मी रफिकसमोर म्हटलं, आणि जरा तोऱ्यात म्हटलं. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. पिशवीत पुस्तकं असायची. वडिलांना सही येत नाही, अंगठा देतात. ते चहा संपवून गेले.

खरं कारण वेगळं होतं. तारखेला तीन आठवडे होते, आणि दुसऱ्या आठवड्यात माझे पेपर होते. आठ दिवस गाडी नुसती ठेवली असती तर काम आणि पेपर एकत्र आले असते. मला पेपरच्या आधी पेटी संपवायची होती. गाडी आधीच खचलेली आहे का हे बघायला एक दोरी आणि दहा मिनिटं लागतात. मी दोरी लावली नाही. मला वाटतं, लावली असती तर काय दिसेल ते मला माहीत होतं.

काम मी मनापासून केलं, हेही सांगायला हवं. पत्रा वाकवला, आतून दोन हात प्रायमर मारला. वेल्डिंग एका दमात करायचं नसतं, उष्णतेने पत्रा ओढला जातो. म्हणून बोटभर इथे, बोटभर तिथे, थांबून, हात लावून बघून. दहा दिवस रोज सात-सात तास. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, आणि तशाच डोळ्यांनी मी मराठीच्या नोट्स वाचायचो.

पेपरच्या आदल्या दिवशी पाइप कापले. पुढची दारं छान लागली. मागचं डावं लागलं. मागचं उजवं वरच्या कोपऱ्यात घासलं.

तेव्हा मी दोरी लावली. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत ताणून धरली. उजव्या बाजूला, मध्यावर, पेटी दोरीच्या सहा मिलिमीटर खाली होती. ज्या बाजूला मावशी बसायची आणि ज्या दारातून टोपल्या चढायच्या, ती बाजू. कुजलेली असताना गाडी लवचिक होती, तेव्हा टेकू देऊन वर आणता आली असती. मी तिला वाकडी धरली आणि नव्या ताठ पत्र्याने वाकडीच पक्की केली. आता सरळ करायची तर सगळं पुन्हा कापायचं.

रफिकने बघितलं. म्हणाला, "बिजागर के पीछे दो वॉशर डाल दे. दरवाजा उठेगा, लग जाएगा. कौन देखता है?"

मी वॉशर घातले. दार लागलं, पण थोडं उचलून ढकलावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी पेपर दिला आणि तिथून तसाच गॅरेजवर आलो. मावशी आधीच येऊन गाडीभोवती फिरत होती. तिने मागचं उजवं दार उघडलं, दोन्ही हातांत टोपली आहे असे हात धरले, आणि कमरेने दाराला एक धक्का दिला. दार थोडं उचललं गेलं आणि खट् करून लागलं.

"झाली की रं!" ती म्हणाली. "हे असंच लागायचं."

कित्येक वर्षं ती दार असंच लावत होती. गाडी कधी खचली हे तिला कळलंच नव्हतं, तिच्या कमरेला ती सवय झाली होती. ती खूश होती. मी गप्प राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. पण मला राहवलं नाही. मी तिला खाली बसवून दोरी लावून दाखवली. माझी चूक झाली हे सांगितलं.

तिने चष्मा वर करून दोरीकडे बघितलं. "पडेल काय गाडी?"

"नाही. पण एका बाजूला ताण राहणार. चार-पाच वर्षांनी जोड सुटायला लागेल. नीट केली तर वीस वर्षं बघायला नको. पण पुन्हा कापावी लागेल. तारीख चुकेल."

"सरकार किती देनार?"

"पास झाली तर पाच."

"सरकारनं पाच दिली, तू पाच दिलीस. मग झालं ना? मला किती टिकायचं हाय?" ती हसली. "जा, अभ्यास कर तुझा."

गाडी पास झाली. मावशीने गॅरेजवर एक मोठी सुरमई आणून दिली. रफिक म्हणाला, "देख, मैं बोला था." मी पहिलं वर्ष पास झालो.

सांगायचं ते पुढे आहे. मी तिला खरं सांगितलं, हे मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पण ती "जा" म्हणाली तेव्हा मला जे वाटलं ते मला आठवतं. मला बरं वाटलं. पुन्हा गाडीखाली जायचं नाही, पुन्हा ती भुकटी नाही, मानदुखी नाही. आणि तारीख पुढे ढकलून घेता येते का, हे मी विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही. तिने मला सोडलं आणि मी सुटून घेतलं.

गेल्या आठवड्यात सकाळी मावशीचा फोन आला. चार-पाच वर्षं मी म्हटलं होतं, दोनच झाली होती.

"दार उघडलं रं."

"कुठे?"

"वळनावर. बाजारापाशी. अर्धी टोपली बोंबील रस्त्यावर. मागून एक स्कूटरवाली पोरगी येत होती, ती घसरली."

"लागलं तिला?"

"कोपर सोललं. मी उतरली, तिला बर्फ दिला कोपराला, माझ्याच टोपलीतला. ती बोलली, मावशी, माझ्या ड्रेसला बोंबलाचा वास येतो, मी ऑफिसला कशी जाऊ? मी बोलली, जाऊ नको, घरी जा, हे घे, कालवन कर." मग ती म्हणाली, "पन जास्त लागलं असतं ना रं."

"हो."

"मागं बस असती तर?"

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"मी बोलली होती, मला किती टिकायचं हाय. ते माझ्यापुरतं बोलली होती," ती म्हणाली. "आता नीट कर. आनि वीस वर्षांची कर. मला अजून कंटाळा आलेला नाय."

दुपारी ती गाडी घेऊन आली. मागचं दार नायलॉनच्या दोरीने, कोळ्यांच्या गाठीने, आतून बांधलेलं. मी खाली गेलो. उजव्या पेटीचा जोड मध्यावर केसाएवढा फाटला होता, त्यामुळे वळणावर गाडी पिळली की दाराची कडी सुटत होती. माझंच वेल्डिंग, बोटभर इथे, बोटभर तिथे. जोड स्वच्छ होता. फक्त वाकड्या जागी होता.

संध्याकाळी घरी गेलो आणि वडिलांना सांगितलं. कॉटवर बसून ते बिडी विझवत होते. मला वाटलं, ते म्हणतील मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "पाचरी बाभळीच्या घे. सागाची फुटते." मग कॉटखालची ट्रंक ओढायला लावली आणि त्यातून स्वतःचं सूत काढून दिलं. लाकडाच्या रिळावर गुंडाळलेलं, हाताने काळं पडलेलं. या सुताने त्यांनी वर्सोव्यातल्या किती होड्या बघितल्या असतील, त्यांनाही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षाने गॅरेजवर नेलं. जोड सुटल्याने पेटी पुन्हा थोडी लवत होती, म्हणजे कापायच्या आधी गाडी टेकूवर सुतात आणता येणार होती. मी टेकू लावले, ते खुर्चीवरून हात करून सांगत होते, इथे नको, जरा मागे. त्यांना सूत दिसत नाही. पण पाचरीवर टोला मारला की आवाज ऐकून मान हलवतात, किंवा नाही हलवत. रफिकने त्यांच्यासाठी चहात साखर जास्त टाकायला सांगितली आणि स्वतः हातोडी धरून उभा राहिला. म्हणाला, "चाचा, अगली बार मेरे को भी सिखाना."

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. शेवटचं वर्ष आहे, आणि मी खरं तर आत्ता अभ्यास करायला हवा. मान तशीच दुखते. हे संपलं की मी गाडीखालची कामं घेणार नाही असं बायकोला सांगितलं आहे. तिचा विश्वास बसलेला नाही.

आज सहावा दिवस. सकाळी सूत लावलं तेव्हा सहा मिलिमीटरचे दोन उरले होते. एक टोला मारला आणि थांबलो. पाइप अजून लावलेला नाही, ग्राइंडर कपाटात आहे. गाडी लाकडी ठोकळ्यांवर नुसती उभी आहे, चारही दारं उघडी. मावशी तोवर टेम्पोत मुलाशेजारी बसून बाजारात जाते आणि रोज दुपारी बाराला फोन करते.

"कापलीस काय रं?"

"नाही मावशी. अजून बसते आहे."

"बसू दे," ती म्हणते. "तू बी बस."